आईच्या नावावर माझा फोन

आईचा अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि मला बरं वाटलं. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मला बहुतेक चांगलंच सांगायचं आहे, आणि चांगलं सांगण्याच्या भरात हे गाळलं जाईल.

आम्ही अमेरिकेत, श्रूजबरी नावाच्या गावात राहतो. बाबा गेल्यावर आई नागपूरहून आमच्याकडे आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गावात तळ्याच्या बाजूला ज्येष्ठांसाठी बांधलेली एक इमारत आहे. तिथे आईच्या दोन मैत्रिणी राहतात, एक गुजराती आणि एक पोलिश. त्यांच्याकडे पत्ते खेळायला जाता जाता आईच्या मनात ते घर भरलं. एका रविवारी तिनं पोह्यांची बशी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "तिथे एक फ्लॅट रिकामा होऊन राहिला. मला पाहिजे."

"इथे काही त्रास आहे का तुला?"

"त्रास असता तर केव्हाच बोलली असती. माझं घर पाहिजे, बापा. मला वाटेल तेव्हा कुकर लावीन. तुमची मीटिंग आहे म्हणून मिक्सर थांबवणार नाही."

बायको हसली आणि म्हणाली, "जाऊ दे ना त्यांना. दहा मिनिटांवर तर आहे." मीही हसलो आणि अर्ज भरून दिला. आत मात्र गणपतीच्या कार्यक्रमात कोण काय विचारेल याची उत्तरं जुळवत होतो. आई वेगळी राहते, हे वाक्य मला कुठल्याच चालीत नीट म्हणता येईना. म्हणून नकाराचं पत्र आलं तेव्हा बरं वाटलं.

कारण दिलं होतं ते क्रेडिटचं, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याच्या नोंदीचं. आईच्या नावावर थकबाकी होती. मी तिला सांगितलं तर ती आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. "उधारी? माझी? मी किराणासुद्धा कधी मांडून आणला नाही." नंतर ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आमच्या घरात ती दार कधी लावत नसे.

मी तेवढ्यावर थांबू शकलो असतो. या देशात असंच असतं, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणालो असतो तर तिनं ऐकलंही असतं. पण त्या बंद दारामुळे मला ते जमलं नाही. नकाराच्या पत्रातच खाली लिहिलं होतं की ज्या क्रेडिट ब्युरोच्या अहवालावरून निर्णय झाला, त्याच्याकडून तो अहवाल फुकट मागवता येतो. मागवला. आईच्या नावानं दोन दुकानांची कार्डं आणि एक फोनचं खातं निघालेलं होतं, ज्या राज्यात तिनं पाऊलही ठेवलेलं नाही तिथे.

हे झालं कसं, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आईची सगळी माहिती जिथे दिली होती त्यातली पहिली आठवली ती तिची श्रवणयंत्रं जिथून घेतली ती कंपनी; तिचं नाव मी माझ्या ई-मेलमध्ये टाकून पाहिलं. त्यांच्याकडून माहिती चोरीला गेल्याची सूचना कित्येक महिन्यांपूर्वी आली होती. नाव, जन्मतारीख, सरकारी ओळखीचा सोशल सिक्युरिटी नंबर, सगळं गेलं होतं. काय काळजी घ्यायची ते त्यात लिहिलं होतं आणि क्रेडिटवर नजर ठेवणारी सेवा काही काळ फुकट देऊ केली होती. आठवण करून देणारा दुसरा मेलही होता. तो तर मी उघडला होता. यंत्रांच्या बॅटऱ्यांची जाहिरात समजून बंद केला होता.

सूचना आईची आणि ई-मेल माझा, हे कसं, ते इथल्या आपल्या लोकांना सांगायला नको. आई-वडील इकडे आले की प्रत्येक फॉर्मवर मुलगा आपला ई-मेल आणि आपला फोन नंबर टाकतो. त्यांना कुठे कटकट, असं म्हणतो. कागदी पत्र नको, ई-मेल चालेल, या चौकटीत टिचकी मीच मारली होती. आईचा पासवर्ड म्हणजे माझाच पासवर्ड, शेवटी एक आकडा जास्त. मी याला सेवा समजत होतो.

त्या शनिवारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. तिन्ही ब्युरोंकडे तिचं क्रेडिट गोठवायचं होतं, म्हणजे तिच्या नावानं कुणाला नवं खातं उघडता येऊ नये. सरकारच्या संकेतस्थळावर ओळख चोरीला गेल्याचा अहवाल भरायचा होता. त्या अहवालाच्या आधारे तीन खोटी खाती खोडून मागायची होती, आणि तिच्या नावानं दुसऱ्या कुणी टॅक्सचं विवरणपत्र भरून परतावा लाटू नये म्हणून कर खात्याकडून वेगळा पिन घ्यायचा होता. दर पावलाला तुम्हीच ना, अशी खात्री करणारा कोड यायचा. तो माझ्या फोनवर यायचा. आई हात पुढे करायची, मी आकडे वाचून दाखवायचो, ती टाइप करायची. असं बऱ्याचदा झाल्यावर तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी मीच आहे, हे दर वेळी तुला विचारून सांगावं लागून राहिलं."

ती रागानं बोलली नव्हती. मला मात्र पुढचे आकडे वाचता येईनात. सोमवारी तिनं स्वतःच्या नावानं फोन घेतला. नंबर कुठला हवा असं दुकानदारानं विचारलं तर म्हणाली, "कोणताही दे, फक्त याचा नको."

गावच्या पोलीस ठाण्यातही गेलो. चोरीची तक्रार नोंदवून तिची प्रत घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, असं कंपनीच्या त्या सूचनेतच होतं. अधिकारी तरुण होता, अदबीनं वागत होता. कुणावर संशय आहे का, असं त्यानं विचारलं. आई म्हणाली, "इफ आय नो, व्हाय आय कम टू यू?" तो इतका मोकळा हसला की बाहेर पडताना आईनं त्याला, लाडू देते आणून, असं सांगितलं आणि खरंच नेऊन दिले.

वाचनालयात अधूनमधून एक वकीलबाई मोफत सल्ला द्यायला बसतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सुरुवातीलाच माझ्याकडून नजर काढून आईकडे वळवली आणि हळू, मोठ्यानं बोलल्या. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, म्हणाल्या. खोटी खाती खोडणं हे एक, आणि कंपनीकडे भरपाई मागणं हे दुसरं. कंपनीवर लोकांनी सामूहिक दावा आधीच लावलेला होता. तडजोड झाली की नोटीस येईल, तेव्हा मुदतीत आपला हक्क सांगायचा. स्वतंत्र खटला भरायचा असेल तर त्याच मुदतीत लेखी कळवून त्या दाव्यातून बाहेर पडायचं. काहीच केलं नाही तर बहुतेक दोन्ही हातचं जातं. खर्चाच्या पावत्या आणि नकाराचं पत्र जपून ठेवा, आणि फुकटची सेवा घ्या, पण अटी वाचून. मग त्यांनी आईला विचारलं, "तुम्हाला काय हवं आहे?"

आई म्हणाली, "आय वाँट माय अपार्टमेंट. कोर्ट आफ्टर."

मी मध्येच बोललो की खरी चूक माझी आहे, सूचना माझ्याकडे येऊन पडली होती. वकीलबाईंनी ऐकून घेतलं. त्या आईला म्हणाल्या, "तुमचा दावा कंपनीवर आहे, मुलावर नाही."

आई मला मराठीत म्हणाली, "तुझ्यावर मी वेगळा लावीन."

परत येताना गाडीत मी तिला ते सांगून टाकलं. नकाराचं पत्र वाचून मला बरं वाटलं होतं, हे. सिग्नल हिरवा होऊन मागचा हॉर्न वाजवेपर्यंत मी थांबून राहिलो.

"चल ना, मागचा बोंबलून राहिला," आई म्हणाली. मग, "माहीत आहे मला. पत्र वाचताना तुझा चेहरा पाहिला होता मी. तुझ्या बाबांसारखाच आहेस, काही लपत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? कोणाला मी घरात हवी आहे, याचं वाईट वाटून घेऊ? पण म्हणून मी राहणार नाही हं. समजू नको तसं."

मी गाडी चालवत राहिलो. माझ्याकडून कुणी इतकं ओझं इतक्या सहज काढून घेतल्याचं मला दुसरं आठवत नाही.

खोटी खाती अहवालातून गेली. दरम्यान तो फ्लॅट दुसऱ्याला गेला होता, पण हिवाळा संपताना त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरचा एक रिकामा झाला. आईनं अर्ज या वेळी स्वतः भरला. ई-मेलही तिचा स्वतःचा. एके दिवशी मी मीटिंगमधून बाहेर आलो तर फोनवर तिचे बरेच कॉल येऊन गेलेले. पुन्हा तेच, पुन्हा माझ्याकडून राहिलं, असं वाटलं.

"झालं ते काम," ती म्हणाली. मागे फोडणीचा आवाज येत होता. "त्या मॅनेजरबाईचा फोन आला होता. म्हणे तुमचा रिपोर्ट दिसत नाही, गोठवलेला आहे. आपणच नाही का गोठवला? तू उचलून नाही राहिला, मग मीच लावला ब्युरोला. स्पीकरवर ठेवून वांगी चिरली. लई गाणी वाजवतात ते. मग एक बाई आली, बिचारी हळूहळू बोलली. कोड माझ्याच फोनवर आला. आठवडाभर उघडून घेतलं आहे, मग आपोआप बंद होते. एवढंच असते रे ते."

मी पार्किंगमध्ये उभा होतो. त्या न पाहिलेल्या बाईचे आभार कुठे मानायचे ते मला समजेना. ती हळू बोलली नसती तर आईनं फोन ठेवला असता, आणि मग मी संध्याकाळी येऊन पुन्हा सगळं माझ्या हातात घेतलं असतं. मला ते आवडलंही असतं.

फ्लॅट मिळाला. गणपतीच्या कार्यक्रमात एका काकूंनी विचारलंच, "आई वेगळ्या राहतात म्हणे?" मी जुळवलेलं उत्तर काढणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "हो, माझ्याकडे या की जेवायला. याच्याकडे काय, मिक्सरसुद्धा लावू देत नाहीत." काकू गेल्या की तिच्याकडे जेवायला, आणि परत येऊन मला त्या इमारतीच्या अर्जाबद्दल विचारलं. मी त्यांना आईचा नंबर दिला.

गेल्या महिन्यात तडजोडीची नोटीस आली. मला ती आली नाही, म्हणून मला कळलंही नाही. आईनं वकीलबाईंना विचारून आपला हक्क नोंदवूनही टाकला होता. मला फोन केला तो वेगळ्याच कामासाठी. नवीन श्रवणयंत्रांसाठी दुसऱ्या कंपनीचा फॉर्म भरत होती.

"इथे विचारलं आहे, काही झालं तर कोणाला कळवायचं. तुझा नंबर टाकू का? चालेल तुला?"

इतकी वर्षं मी माझा नंबर तिच्या नावापुढे लिहीत आलो. तिला चालेल का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"टाक," मी म्हणालो.

"सांग मग," ती म्हणाली, आणि मी एक एक आकडा सावकाश सांगितला.