बशीरशी हळू बोलणारी माणसं

पारगावच्या फाट्यावर एस.टी. थांबली तेव्हा मी शाळा सुटून घरी निघालो होतो. कंडक्टर जुन्नरचा, ओळखीचा. त्यानं दारातूनच मला हात केला आणि काहीतरी बोलला, पण इंजिनाच्या घरघरीत ऐकू आलं नाही. मी जवळ गेलो तसा तो पायरीवरून खाली वाकला आणि पुन्हा तेवढ्याच हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, पिंजाऱ्याचा बशीर गेला. कालच माती झाली." मग त्यानं घंटी मारली आणि गाडी निघून गेली. विषमज्वराचं निमित्त झालं हे मला नंतर कळलं. तिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. धुरळा खाली बसेपर्यंत मी तिथंच उभा होतो, आणि त्या वेळी दुःखाच्याही आधी मला राग आला, तो कंडक्टरच्या त्या दबक्या आवाजाचा. बशीरचं नाव निघालं की जुन्नरचा माणूस आपोआप आवाज खाली घेतो. इतकी वर्षं तसंच चाललंय. ते का, एवढंच मला आज सांगायचं आहे.

बशीर माझा कॉलेजातला सोबती. मी तळेघरचा, नाचणी आणि भात पिकवणाऱ्या घरातला. तो जुन्नरच्या पिंजाऱ्याचा थोरला मुलगा. पुण्याला वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. मला अभ्यासाशिवाय काही येत नव्हतं आणि त्याला फुटबॉलशिवाय काही सुचत नव्हतं. कॉलेजच्या संघात तो सेंटर हाफ होता. संघाबरोबर मीही जायचो, पण खेळाडूंचे कपडे सांभाळायला. त्यावरून तो मला "आमचे खजिनदार" म्हणायचा. आणि बोलायचा किती! सकाळी डोळा उघडल्यापासून त्याची टकळी सुरू व्हायची. जुन्नरच्या बाजारातल्या गमती, बापाची गिऱ्हाइकं, कुकडीच्या पात्रात बुडता बुडता वाचल्याची हकिकत, आणि ती दर वेळी थोडी वेगळी. मी वैतागून उशी फेकून मारायचो. ती उशी त्याच्याच बापानं भरून दिलेली असायची, म्हणून तो ती झेलून आधी तपासायचा, कापूस खाली बसला का ते.

त्या काळी खेळाचा चेंडू जाड कातड्याचा, वरून वादीनं आवळलेला असे. पावसाळ्यात तो पाणी पिऊन असा जड व्हायचा की पायानं मारतानाही विचार करावा लागे. बशीर मात्र तो डोक्यानं घ्यायचा. त्यासाठीच त्याचं नाव होतं. एका पावसाळी सामन्यात मैदानात चिखल होता आणि उंचावरून आलेल्या एका चेंडूसाठी तो आणि समोरच्या संघाचा एक गडी एकदमच उडाले. डोक्यावर डोकं आपटलं. तो आवाज मी कपड्यांच्या ढिगाजवळ बसून ऐकला. समोरच्याची भुवई फुटली, रक्त वाहू लागलं, तशी सगळी माणसं त्याच्याकडे धावली. बशीर चिखलात बसून राहिला होता. आमच्या कप्तानानं त्याच्या केसांत बोटं घालून पाहिलं, रक्त नव्हतं. रक्त नाही म्हणजे लागलं नाही, हे आम्हा सगळ्यांना जन्मापासून ठाऊक असलेलं शास्त्र. शिवाय बाहेर गेलेल्या गड्याच्या जागी दुसरा घेता येत नसे. एक गेला की दहा जणांनीच खेळायचं. तोंडावर गार पाणी मारलं आणि बशीर उठून खेळायला लागला. एकदा त्यानं चेंडू आपल्याच गोलाकडे मारला, तेव्हा लोक हसले.

परतताना सायकलवर माझ्या मागं बसून तो विचारत होता, "गेनू, कोन जिंकलं?" मी सांगितलं, आपण. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा तेच. वसतिगृहाच्या दाराशी पुन्हा तेच. पोरांना ती चेष्टाच वाटली. पुढचे दोन-तीन दिवस जो तो त्याला "कोण जिंकलं रे बशीर?" म्हणून हाक मारत होता आणि तोही हसत होता. डोकं जड आहे, उजेडाचा त्रास होतो, असं तो मला म्हणाला होता, पण त्याच आठवड्यात दुसरा सामना होता आणि त्याच्यावाचून संघ उतरणं शक्य नव्हतं. त्या सामन्यात त्याच्या अंगाला कोणी शिवलंसुद्धा नाही. ओला चेंडू आला, नेहमीसारखा त्यानं डोक्यानं घेतला, आणि त्याचे गुडघे जागच्या जागी दुमडले.

दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर आणि तापट होते. मेंदूला हादरा बसला होता, तो जिरायच्या आत त्यावर तुम्ही दुसरा बसवलात, असं ते आम्हाला म्हणाले. औषध असं काही नव्हतं. अंधारी खोली, वाचायचं नाही, आवाज नको, बोलणं नको. किती दिवस, तर डोकं सांगेल तितके. हे त्यांनी जुन्नरहून धावत आलेल्या हसनचाचांना, म्हणजे बशीरच्या बापाला, समोर बसवून नीट समजावलं. चाचा एकेका शब्दाला मान डोलवत होते. पुढं जे झालं ते त्या मान डोलवण्यातूनच झालं.

घरी नेल्यावर पहिली अडचण पिंजणाची. ज्यानं पिंजारी कापूस पिंजताना पाहिला असेल त्याला तो आवाज माहीत असेल. धनुष्यासारखी मोठी कमान टांगलेली, तिच्या तातीवर लाकडी मूठ मारली की सगळं घर झणझणतं. बशीर त्या आवाजावर पाळण्यात झोपलेला पोरगा, पण आता एकेक टोला त्याच्या कवटीत उठायचा. चाचांनी तक्रार न करता पिंजण उचललं आणि गावाबाहेर चिंचेखाली नेऊन मांडलं. ते जमलं. माणसांचं मात्र जमेना. आमच्याकडे आजाऱ्याला एकटं ठेवत नाहीत, आणि डोक्याला मार लागलेल्याला तर दिवसा झोपूच देत नाहीत. झोपला तर उठणार नाही अशी भीती. त्यामुळं गल्लीतले, बाजारातले, आसपासच्या गावची गिऱ्हाइकं, हिंदू-मुसलमान सगळे येत. प्रत्येक जण उशाशी बसून आधी एकच विचारी, "मला वळखलं का?" पोराचं डोकं ठिकाणावर आहे की नाही याची ही परीक्षा. बशीर त्या माणसाचं नाव सांगायचा. मग त्याच्या बापाचं नाव, गाव, मागं कुठं भेटलो होतो ते. बरोबर आलं की माणसं समाधानानं गप्पा मारत बसायची. मी भेटायला गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून ओकत होता. मला पाहून त्यानं काही विचारू नये अशी खूण केली आणि म्हणाला, "गेनू, मला कुटं तरी ने. जितं वळखीचं कुनी न्हाई, तितं."

म्हणून मी त्याला तळेघरला घेऊन गेलो. घोडेगावपर्यंत गाडी, आणि पुढं बैलगाडीच्या हादऱ्यापेक्षा पायी बरं म्हणून बसत उठत चालत. आमच्या शेतावर गुरांसाठी बांधलेली एक पडवी होती, तिच्या आतल्या अंगाला त्याची खाट टाकली. श्रावणातलं धुकं दारापर्यंत यायचं, त्यामुळं उजेड बेताचाच. आई भाकरी आणि डाळ उंबऱ्यावर ठेवायची आणि काही न बोलता परत फिरायची. तिला मी डॉक्टरांचं काही सांगितलं नव्हतं. वासराला जपावं तसं जपायचं, एवढं तिला पुरेसं होतं. मी सुटीला जायचो तेव्हा खाटेजवळ बसायचो, आणि ज्याची टकळी मला नकोशी व्हायची तो माणूस तासन्‌तास गप्प असायचा. खोटं कशाला सांगू, मला त्या शांततेची भीती वाटायची. वाटायचं, बशीर यातून परत येणारच नाही, आणि माझ्या खोलीत कुणीतरी दुसरा परत येईल.

पण आला, हळूहळू आला. आधी उजेड सोसायला लागला. मग बांधावरून चार पावलं. एकदा बरं वाटलं म्हणून गुराख्याच्या पोरांबरोबर धावला, तर पुढचे तीन दिवस खाटेवर. त्यातून तो एक गोष्ट शिकला, जेवढं जमतंय असं वाटतं त्याच्या थोडं अलीकडं थांबायचं. कागदावरची अक्षरं आधी घसरायची, ती दसऱ्याच्या सुमाराला जागेवर राहू लागली. आणि एका सकाळी आई जात्यावर दळत होती तेव्हा तो आपणहून येऊन तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "मावशी, घरघर चांगली वाटतीय." आईनं जातं थांबवलं नाही. पदरानं डोळे पुसले तेवढे.

थंडीत मी त्याला जुन्नरला पोचवलं. चाचांनी पिंजण परत घरात आणलं होतं, पण बशीर येईपर्यंत हात लावला नव्हता. त्या दिवशी त्यांनी पोराला समोर बसवलं, कमान धरली, मूठ उचलली आणि ती तशीच वर धरून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. बशीर म्हणाला, "मारा अब्बा." चाचांनी मारली. तात झणझणली. बशीरच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही, आणि चाचा मूठ खाली ठेवून रडले. त्या क्षणी बशीर बरा झाला, असं मी धरतो.

फक्त ते जुन्नरला कळलं नाही. मधल्या काळात चाचांनी डॉक्टरांचा शब्द घरोघर पोचवला होता. मशिदीत, बाजारात, चहाच्या दुकानात, सगळीकडे हात जोडून सांगितलं होतं की पोराशी बोलू नका, त्याचं डोकं नाजूक आहे. ज्या लोकांनी त्याला बोलून बोलून बेजार केलं होतं, त्यांना आपल्या हातून काय झालं ते उमगलं आणि ते मनापासून खजील झाले. त्यांनी चाचांचा शब्द पाळला, आणि असा पाळला की तो सोडायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बशीर चहाला गेला की बाकावरची बोलणी थांबायची. पोरं त्याच्या दारासमोरून चपला हातात घेऊन जायची. त्याचं कॉलेज सुटलंच होतं. तो बापाच्या धंद्यात बसला, उत्तम गाद्या-रजया करू लागला, पण गिऱ्हाईक आलं की बोटानंच माप दाखवायचं. मुली सांगून येईनात, कारण डोक्याला मार. पोरगा बरा झालाय हे लोकांना दिसतंच आहे, अशा समजुतीत चाचा राहिले आणि पुढं वारले. त्यांनी जे सांगितलं होतं ते तेच मागं घेऊ शकले असते.

मी पारगावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो, बाजारच्या दिवशी जुन्नरला जायचो. मला पाहिलं की तो पिंजणाची मूठ बाजूला ठेवायचा आणि बोलायला सुरुवात करायचा, पूर्वीसारखा, न थांबता, जणू आठवडाभराचं साठलेलं. मी लोकांना सांगून पाहिलं. बशीर ठणठणीत आहे, त्याच्याशी बोला, भांडा, काहीही करा. लोक ऐकून घेत, हसत आणि हळू आवाजात म्हणत, "ते खरं मास्तर, पन जपाया हवं." मी संतापायचो. बशीर संतापत नसे. एकदा रजईला टाके घालता घालता, वर न बघता, तो मला म्हणाला, "डोकं कवाच बरं झालं रे गेनू. आता मानसं बरी व्हायला पायजेत." मी हसलो. तोही हसला... पण सुई थांबली होती.

मातीला मी पोचू शकलो नाही. नंतर गेलो तेव्हा त्याच्या खोलीत पाचपंचवीस माणसं भिंतीला टेकून बसली होती आणि कुणी एक अक्षर बोलत नव्हतं. मयताच्या घरी लोक रडतात, आठवणी काढतात. इथं तेही नाही. त्याचा धाकटा भाऊ यासीन डोळ्यांनीच "या" म्हणाला. इतक्यात घाटघरची एक म्हातारी दाराशी आली. तिला काही माहीत नव्हतं. ती रजई न्यायला आली होती. तिनं वहाणा लांब काढल्या, उंबऱ्याशी वाकली आणि कुजबुजली, "भाऊंचं डोकं आज बरं हाय का?"

यासीननं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि मोकळ्या आवाजात, त्या खोलीत घुमेल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "त्याचं डोकं लई वर्सं झाली बरं हाय, आजी. तो तापानं गेला."

म्हातारी तिथंच पायरीवर बसली. मग म्हणाली, "दर खेपंला वाटायचं, बसावं, दोन शब्द बोलावं. माजा ल्योक त्याच्याच वयाचा गेला. तोंडावळा तसाच. पन म्हनलं, नको... उगी दुखंल त्याचं डोकं."

ती सांगत राहिली, आणि मग चहावाला बोलू लागला, मग शेजारचा बांगडीवाला मणियार, मग भिंतीला टेकलेला एकेक जण. ज्याच्या त्याच्याजवळ बशीरला सांगायचं काहीतरी राहिलेलं होतं. कुणाची चेष्टा, कुणाचं गाऱ्हाणं, कुणाला त्याच्या खेळाविषयी विचारायचं होतं. बघता बघता आवाज गल्लीपर्यंत गेला. बाहेरची माणसं आत आली, पाय ठेवायला जागा उरली नाही. मी भिंतीशी सरकून बसलो. पिंजणाजवळची त्याची बसायची जागा तेवढी सगळ्यांनी मोकळी सोडली होती, आणि तिच्याकडे बघून सगळे एकाच वेळी बोलत होते.