काकूंनी कापलेली खुर्ची

पंक्चरवाल्या काकूंना कुणी "तुम्हाला जमायचं नाही" म्हटलं की ते काम झालंच म्हणून समजावं. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि काही बेरकी लोक त्याचा फायदाही घेत. "काकू, ही सायकल काही आता चालायची नाही, भंगारात घालतो," एवढं म्हणायचं, सायकल खांबाला टेकवायची आणि सटकायचं. संध्याकाळी सायकल तयार, वर चार शिव्या फुकट.

दुकान मूळचं नवऱ्याचं. तो अचानक गेला तेव्हा दीर समजूत घालायला आले. "वहिनी, दुकान विकून टाका. बाईमाणसाने रस्त्यावर बसून पंक्चर काढायचं म्हणजे... लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की, भावोजी. हवा भरायला तर माझ्याकडेच येतील."

आणि आले. न येऊन सांगतात कुणाला? त्या रस्त्याला दुसरा पंपच नव्हता. त्या पंपाच्या जोरावर काकूंनी मुलाला वाढवलं, शिकवलं, आणि शिकून शहाण्या झालेल्या मुलाने दुकानाला काचेची दारं बसवून नव्या कोऱ्या सायकली मांडल्या. ग्रीस लागलेल्या हाताची आई आता त्या काचेत शोभेना. "आई, तू आता आराम कर," तो म्हणाला. आराम हा शब्द काकूंना शिवीसारखा लागतो. त्यांनी पान्यांची पेटी उचलली आणि गावाबाहेरच्या गोदामाची वाट धरली.

त्या गोदामात एक संस्था दवाखान्यांतलं जास्तीचं सामान गोळा करायची. हातमोजे, सिरिंज, पट्ट्या, खाटा, कुबड्या, काय वाटेल ते. लोक जाऊन स्वखुशीने ते निवडायचे, खोक्यांत भरायचे, आणि कंटेनर समुद्रापार एका इस्पितळाला जायचा. काकूंनी तिथल्या गंजक्या चाकाच्या खुर्च्यांवर हक्क सांगितला. बेअरिंगचे छर्रे बदलले, वाकड्या चाकांचे आउट काढून ती सरळ केली, रंग दिला. तयार झालेली खुर्ची गोदामाच्या फरशीवर एका बोटाने ढकलून बघायच्या. सुळकन गेली की पास.

संस्थेच्या अध्यक्षांना मात्र हा कोपरा खुपायचा. माणूस वाईट नव्हता, पण सगळं जग त्याला खोक्यांत मावेल असं हवं होतं. "एका खुर्चीच्या जागेत हातमोज्यांची किती खोकी बसतील, काकू! आणि तिकडे त्या खुर्च्यांचं काय होतं हे पाहिलंय कुणी?"

"मग पाहून येऊ."

संस्थेची काही मंडळी अधूनमधून तिकडे जाऊन सामान कसं वापरलं जातं ते बघून यायची. अध्यक्ष हसले. "लांबचा प्रवास आहे. तुम्हाला झेपायचा नाही."

झालं! काकू विमानात खिडकीपाशी बसल्या, अध्यक्ष आणि बाकीची मंडळी मागच्या रांगेत. जाताना अध्यक्षांनी स्पष्ट बजावलं होतं, खुर्च्या नीट वापरात दिसल्या तर ठीक, नाहीतर तो कोपरा बंद. काकूंनी नुसतं "बघू" म्हटलं.

इस्पितळ बैठं होतं, पत्र्याच्या छपराचं, पुढे लांबलचक व्हरांडा. आपल्याकडे शिकून गेलेली एक नर्स मंडळींना हिंडवत होती. गोदामात पट्ट्यांच्या गुंडाळ्या करणाऱ्या औषधवाल्या ताईंनी तीच गुंडाळी एका म्हाताऱ्याच्या भाजलेल्या पायावर पाहिली आणि त्यांना रडूच फुटलं. जुन्या खाटांवर बाळंतिणी निजल्या होत्या. ज्या दिव्याला आपल्याकडे कुणी विचारत नव्हतं, त्याच्या उबेत मुठीएवढं पोर हातपाय झाडत होतं. आपण ढीग उपसला तो वाया गेला नाही, हे डोळ्यांनी दिसलं की माणसाचं मन भरून येतं. त्यात लाजायचं काही कारण नाही.

व्हरांड्याच्या टोकाला काकूंच्या खुर्च्या ओळीने उभ्या होत्या, चकचकीत. काकूंनी अध्यक्षांकडे असं पाहिलं की त्यांनी नजर फिरवली.

एवढ्यात मागच्या अंगाने लोखंड कापल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून काकू स्वस्थ उभ्या राहतील तर त्या काकू कसल्या? त्या थेट मागे गेल्या. तिथे एका पडवीत वेल्डिंगवाला नळी कापत बसला होता आणि त्याच्या शेजारी ढीग होता. काकूंच्या खुर्च्यांचे पुढचे सांगाडे, कापलेले. पाय ठेवायच्या पट्ट्या, छोटी चाकं, त्यांनी स्वतः दिलेला निळा रंग. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणी कापल्या या? हात झडले नाहीत कापताना?"

नर्स धावत आली होती. ती चाचरली. "हे... सगळं सांगू का त्यांना?"

"सगळं सांग. शिव्या गाळू नकोस."

भिंतीलगतच्या बाकावर पाय अधू असलेली एक शिंपीण बसली होती, ती बोलली. नर्सने खाली मान घालून सांगितलं, "ती विचारतेय, खुर्ची तिला दिलीय, की तिच्याकडे सांभाळायला ठेवलीय?"

काकूंना असं तोंडावर बोलणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. "दिलीय. पण मोडायला नाही! चालवायला यायला हवी. थांब, दाखवते."

काकूंनी ओळीतली एक खुर्ची ओढली, तिच्यात बसल्या आणि फाटकाबाहेर निघाल्या. बाहेरची वाट म्हणजे निव्वळ धोंडे आणि मुरूम. चार हात गेल्या असतील नसतील, पुढचं छोटं चाक दगडांत रुतलं, खुर्ची जागच्या जागी थांबली, आणि काकू न थांबता पुढे गेल्या. तोंडावर.

ओठ फुटला. ताई किंचाळल्या. काकू मात्र धोंड्यांत बसूनच राहिल्या. त्यांना लाज वाटली, सरळ लाज. जन्मभर खाचखळग्यांच्या रस्त्यावर बसून पंक्चरं काढली, आणि खुर्च्या गुळगुळीत फरशीवर पास करून पाठवल्या!

पडवीत परतताना नर्सकडून सगळं कळलं. वेल्डिंगवाला पुढचा भाग कापून तिथे लांब नळी जोडायचा आणि तिला सायकलचं मोठं चाक लावायचा. अशा खुर्च्या गावात कधीच्या धावत होत्या. शिंपिणीला रोज तिचा भाऊ पाठीवर घेऊन बाजारात मशीनपाशी सोडायचा आणि त्याला सवड होईल तेव्हा परत न्यायचा. तिची खुर्ची आली होती, पण कापायची राहिली होती.

"का राहिली?" काकूंनी विचारलं.

नर्स ओशाळली. "पाहुणे येणार म्हणून. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, ते बघून जाईपर्यंत कापू नका. ओळीत उभ्या असल्या की बऱ्या दिसतात."

म्हणजे ती बाई अजून भावाच्या पाठीवर होती, ती काकूंच्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून! हे काकूंना पडण्यापेक्षा जास्त लागलं.

तोवर अध्यक्ष मागे पोचले होते. ढीग बघून त्यांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "मी म्हणत नव्हतो? चांगल्या खुर्च्यांची वाट लावलीय. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, एवढी तरी जाण हवी. तो कोपरा आजपासून बंद."

"दूध ज्यांना काढायचंय त्यांनी दात मोजायचे नाहीत, तर काय आपण मोजायचे?" काकूंनी पदराने ओठ पुसला. "यांनी काही वाट लावलेली नाही. चूक माझी आहे. मी खुर्ची फरशीची केली."

"चूक कुणाची का असेना, मी समितीला काय सांगू? देणगी देणारे विचारतील, आमच्या खुर्च्या कुणी मोडल्या?"

काकूंनी नर्सला विचारलं, "हिची खुर्ची कोणती?" नर्सने ओळीतली दाखवली. काकूंनी ती पडवीत आणली, आडवी केली, गुडघा दाबून धरली आणि वेल्डिंगवाल्यापुढे हात पसरला. त्याने करवत दिली.

"काकू, काय करताय!" अध्यक्ष ओरडले.

"मोडतेय. आता सांगा समितीला, काकूंनी मोडली. यांचं नाव घ्यायचं नाही."

"मग तुम्हाला गोदामात यायची गरज नाही."

"नाही येत! काचेच्या दुकानापुढे फुटपाथ आहे. मुलाला लाज वाटली तर वाटू दे, दुकान अजून माझ्या नावावर आहे." करवत चालूच होती. "सबंध खुर्च्या पाठवणं बंद. इथून पुढे मोठी चाकं, जाड टायर आणि नळ्या. कशा हव्यात ते ही बाई सांगेल, मी करीन."

"आणि पाठवणार कशातून? कंटेनर माझ्या सहीने जातो!"

औषधवाल्या ताईंनी नाक पुसलं. "सही तुमची. पण भरतो आम्ही. खोक्यांमध्ये पुष्कळ फटी राहतात." बाकीच्या मंडळींपैकी कुणी हसलं नाही, पण कुणी अध्यक्षांच्या बाजूने बोललंही नाही. अध्यक्ष पाय आपटत व्हरांड्याकडे गेले.

वेल्डिंगवाल्याने नळी जोडली. चाकाचा आउट काकूंनी स्वतः काढला, शिंपिणीने मध्येच बोट दाखवून बैठक थोडी खाली करवून घेतली. काकूंनी कुरकुर केली आणि केली खाली. ऊन उतरलं तेव्हा शिंपीण हातांच्या जोरावर बाकावरून खुर्चीत सरकली. काकूंनी मागचा दांडा घट्ट धरला आणि सगळे फाटकाबाहेर निघाले.

मोठं चाक पहिल्या धोंड्यावर चढलं, उतरलं, पुढे गेलं. शिंपिणीने मान वळवून काहीतरी फटकन म्हटलं.

"काय म्हणतेय?" काकूंनी विचारलं. "आभार मानत असेल तर सांग, गरज नाही."

"आभार नाही," नर्स म्हणाली. "म्हणतेय, हात काढा."

काकूंनी हात काढले. शिंपीण बाजाराच्या बाजूला वळली. भाऊ कडेला उभा होता, त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.