पूजेतली हत्यारं

सरावलीतल्या आमच्या शेजाऱ्यांनी हत्यारांसाठी गॅरेज रिकामं केलं. गाडी बाहेर खाऱ्या वाऱ्यात गंजतेय. आत प्रत्येक पान्याला स्वतःचा खिळा. दर रविवारी सगळ्यांवर तेलाचा बोळा फिरवत ते कुंपणावरून मला शिकवतात, "हत्यार जपायचं असतं, भाऊ!"

एकदा स्कूटरसाठी मी पाना मागितला. खंडेनवमी होऊन महिना झाला होता, तरी म्हणाले, "पूजेतली हत्यारं आहेत, बाहेर देत नाही."

परवा त्यांच्याच गॅरेजच्या बिजागरीचा स्क्रू ढिला झाला. त्यांनी चकचकीत स्क्रूड्रायव्हर काढला, न्याहाळला, परत टांगला आणि बायकोला हाक मारली, "अगं, भाजीची सुरी दे जरा!"

वहिनी आतूनच कडाडल्या, "मागची वाकवलीत! आता भाजी काय स्क्रूड्रायव्हरनं चिरू?"

"छे, छे! त्याला डाग पडतील," ते कळवळून म्हणाले.