तात्यांची पानगळ

जगातल्या यच्चयावत गोष्टी डाळिंबाच्या झाडासारख्या वागतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा चुलतसासरा निघाला. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. बावड्याच्या माळावर त्यांची तीन एकर डाळिंबाची बाग होती. डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी महिना-दीड महिना पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड सुकतं, पानं गळतात, मग छाटणी करून पाणी सोडलं की ते फुलांनी लगडतं. हे सगळेच बागाईतदार करतात. तात्यांचं वेगळेपण एवढंच, की ते बागेच्या बांधाशी थांबले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाला ते महिन्यातून दोन दिवस किल्ली देत नसत. सोमवारी रेडिओ बंद. लुना आठवड्यातून एक दिवस उन्हात नुसती उभी असायची, आणि दुसऱ्या दिवशी ती चालू झाली नाही की दोष पेट्रोलचा. माझ्या दिवाळसणाला त्यांनी मला आग्रहाने जेवायला बोलावलं आणि दुपारी चारपर्यंत चहाचा घोटसुद्धा दिला नाही. जावई म्हणून रुसायचा हक्क माझा होता, पण रुसायलाही अंगात त्राण लागतं. चारला ताट आलं. पहिला घास घेतल्यावर ते समोरून म्हणाले, "आता लागली का न्हाय पोळी ग्वाड? ह्यालाच ताण म्हनत्यात, जावईबापू." गोड लागली होती, हे मी अजून कुणापाशी कबूल केलेलं नाही.

माणसांनाही ते झाडाच्या नजरेनेच बघायचे. लग्नानंतर मी जरा अंगाने भरलो, तर चारचौघांत म्हणाले, "पावनं नुस्तं पाल्यावर गेल्यात, फळ काय दिसंना." बोलायची सोय नव्हती. मी बारामतीत गुरांच्या दवाखान्यात कारकून होतो, आणि तेवढ्या भांडवलावर सासरच्या मंडळींनी मला वैद्यकीय माणूस ठरवून टाकलं होतं. कुणाच्याही पोटात दुखलं की रिपोर्टची पिशवी माझ्या दारात. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण मी रिपोर्ट उजेडाकडे धरून बघायचो आणि "हं" म्हणायचो. त्या "हं"वर माझी बरीच वर्षं निभावली.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत तात्यांच्या घशाखाली घास अडकायला लागला. आधी भाकरी अडे, मग भात, मग नुसती पेज आणि ताक तेवढं उतरे. दोन महिने त्यांनी घरात पत्ता लागू दिला नाही. त्यांचं मत असं, की शरीरानं आपणहून ताण घेतलाय, मधे पडू नये. शेवटी काकूंनी, म्हणजे माझ्या चुलतसासूबाईंनी, निरोप धाडला. त्यांचा मुलगा बागेपाशी थांबला आणि वैद्यकीय माणूस म्हणून मी तात्यांना पुण्याला नेलं. डॉक्टरांनी नळी घालून तपासलं, तुकडा तपासणीला पाठवला, आणि रिपोर्ट आल्यावर कॅन्सर हा शब्द मला बाहेर नेऊन हळू आवाजात सांगितला. आम्ही आत आलो तर तात्याच म्हणाले, "क्यान्सरच हाय न्हवं? मग त्या बिचाऱ्याला भाईर कशाला न्हेलं?"

डॉक्टर तरुण होते आणि नीट समजावून सांगत. अन्ननलिकेतली गाठ मोठी आहे, आजूबाजूला चिकटल्यासारखी वाटते, आत्ताच कापायला घेतली तर सगळी निघेल याची खात्री नाही. म्हणून आधी सलाईनमधून औषधं द्यायची, दर तीन आठवड्यांनी, असे तीन वेळा. गाठ आक्रसली की मग ऑपरेशन. औषधानं केस जातील, अन्नावरची वासना जाईल, थकवा येईल. मी मान खाली घालून ऐकत होतो. तात्यांचा चेहरा मात्र उजळत चालला होता. डॉक्टरांचं संपल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मानूस शिकल्याला दिसतोय. आधी ताण, मग पानगळ, मग छाटनी. बराबर हाय."

पहिलं औषध झालं आणि दोन-अडीच आठवड्यांत तात्यांचे केस गेले, मिशी विरळ झाली. दुसऱ्या कुणी आरसा पालथा घातला असता. तात्यांनी टोपी काढून अख्ख्या आळीला डोकं दाखवलं आणि पानगळ एकसारखी झाली म्हणून समाधान व्यक्त केलं. इथवर ठीक होतं. पण डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला बजावलं होतं. काकू रोज मोजून तांब्ये भरून ठेवायच्या, आणि संध्याकाळी ते रिकामे बघून त्यांना बरं वाटायचं. दारातला कढीपत्ता त्या महिन्यात एकाएकी का फोफावला, याचा विचार कुणी केला नाही.

दुसऱ्या औषधाला गेलो तर रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडं कुरकुरत होती. डॉक्टर चिंतेत पडले. पाणी पिता ना, असं विचारल्यावर तात्या अभिमानानं म्हणाले, "पान्याचा थेंब न्हाय, नुस्ती पेज आन ताक. तीन आठवडे कडक ताण दिलाय." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मग त्या हॉस्पिटलात, सलाईनच्या बाटल्यांच्या मधे उभं राहून, मी एका कर्करोगतज्ज्ञाला डाळिंबाचा बहार कसा धरतात हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तात्यांच्या पलंगावर येऊन बसले. "तात्या, हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. पाणी नसलं तर ते आतच राहून मूत्रपिंडं जाळतं. बागेचं पाणी तोडा, स्वतःचं नको."

"मग तसं आदी सांगायचं," तात्या म्हणाले.

"सांगितलं होतं."

"पानी प्या म्हनून सांगितलं हुतं. का प्यायचं ते न्हवतं सांगितलं."

दुसरं औषध दोन आठवडे पुढे गेलं. मी एसटीत त्यांच्याशी बोललो नाही. इंदापूर आल्यावर ते आपणहून उतरले, रसवंतीवर दोन ग्लास पाणी प्यायले आणि माझ्यासमोर ग्लास उपडा करून दाखवला.

पुढची दोन्ही औषधं मात्र नीट लागू पडली, आणि त्यातून खरी पंचाईत उभी राहिली. तिसऱ्या औषधानंतर गाठ इतकी बारीक झाली की तात्या भाकरी खाऊ लागले. नुसते खात नव्हते, लोकांना बोलावून खात होते. ओसरीवर दहा-बारा माणसं बसवायची, तुकडा मोडायचा, चावायचा, गिळायचा आणि तोंड उघडून दाखवायचं. ऑपरेशनची तारीख आली आणि तात्या गेलेच नाहीत. डॉक्टरांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, वाट मोकळी झाली म्हणजे मूळ गेलं असं नाही. ह्या काही आठवड्यांत ऑपरेशन झालं तर झालं, एकदा गाठ पुन्हा वाढली तर मग हातात काही नाही.

हा निरोप घेऊन मी बावड्याला गेलो. तात्या जेवायला बसले होते. मी सांगायचं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फळ गळून पडल्यावर देठासाठी झाड कापतं का कोन?" मी म्हणालो, छाटणी तुम्हीच कबूल केली होती. "ती गाठ हुती तवा. आता कशाची छाटनी?" असं अर्धा तास चाललं. मला राग येत होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती.

काकू चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. पाहुण्यांसमोर नवऱ्याशी बोललेलं मी त्यांना आठ वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलथली आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुमी जेवताना मला बघाय लई बरं वाटतं."

तात्या चावायचे थांबले.

"पन ह्यो एवढा पावसाळाच बघायचं असंल तर मला नगं. मला लई वर्सं बघायचंय."

तात्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला आणि उठून हात धुतले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आम्ही तिघं पुण्याला गेलो.

ऑपरेशन सात तास चाललं. गाठ निघाली. अन्ननलिकेचा मोठा भाग काढून जठर वर ओढून जोडलं होतं, त्यामुळे पोटभर जेवण कायमचं संपलं. दिवसातून सहा वेळा चतकोर भाकरी दुधात कुस्करून खायची, तीही सावकाश, पाठीला लोड लावून. सहाही वेळा काकू समोर येऊन बसायच्या. काम हातातलं टाकून यायच्या.

असं चार वर्षं चाललं, आणि एका हिवाळ्यात काकूच गेल्या. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं.

दिवसकार्य झाल्यावर महिन्याभरानं मी भेटायला गेलो. तात्यांची तिसऱ्या जेवणाची वेळ होती. सून वाटी ठेवून गेली. तात्या मला म्हणाले, "बसा समोर."

"मी जेवून आलोय, तात्या."

"जेवा म्हनलं न्हाय. बसा म्हनलं."

मी बसलो. साडेतीनची एसटी गाठायची होती आणि तात्यांना चतकोर भाकरीला पाऊण तास लागायचा. निम्मी वाटी झाल्यावर ते म्हणाले, "जायची समदी तयारी माझी झाली हुती, जावईबापू. तिची कुनी केलीच न्हाय." मग पुढचा घास घेतला, पुष्कळ वेळ चावला आणि गिळला.

साडेतीनची गाडी गेली. वाटी रिकामी झाल्यावर मी उठलो.