जिन्यातलं स्टूल

ताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्यासाठी मुगाची खिचडी डब्यात भरत होते. महिना होत आला, तरी तो डबा मला अजून कपाटात ठेववत नाही.

माझी ही थोरली बहीण नाशिकमध्ये हृदयरोगाची डॉक्टर. तोंडाची फटकळ. तिच्या दवाखान्याच्या जिन्यात, वळणावर, एक लाकडी स्टूल असे. हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्या प्रत्येक पेशंटबरोबर ती स्वतः जिना चढायची आणि त्याला बोलतं ठेवायची. कुणी पोरांचं सांगे, कुणी पिकाचं. बोलणं तुटलं की ताई थांबायची, त्याला स्टुलावर बसवायची. "तोंडाने माणूस काहीही सांगतो गं, धाप खोटं बोलत नाही," म्हणायची.

नव्वदच्या दशकात तिने एक संशोधन हाती घेतलं. हे पेशंट घाबरतात, घाबरले की नाडी पळते, नाडी पळाली की दम आणखी लागतो. मग मन शांत करणारी, थोडी गुंगी आणणारी गोळी त्यांना दिली तर? गोळी लागू पडली. माणसं निवांत झोपू लागली. ताईचे पाय जमिनीवर नव्हते.

त्यात देवळ्याची सुमनबाई होती. ऑपरेशन ठरलेलं. गोळीने ती शांत झाली, पण जिन्यात तिचं बोलणं पूर्वीपेक्षा लवकर तुटायला लागलं. ताईने ऑपरेशन ताबडतोब करू म्हटलं. नवरा हात जोडून म्हणाला, "आता लय बरी हाय ती, डॉक्टरबाई. रडत नाय, घाबरत नाय. कांदे निघाले का आणतो." ताई आधी ओरडली, मग तिने विनवण्या केल्या. सुमनबाईच हसली, "मला काय बी होत नाय आता."

कांदे निघायच्या आत ती गेली.

ताईने संशोधन तिथंच थांबवलं. "गोळीचा दोष नाही," ती म्हणायची, "पण भीतीच त्या बाईला माझ्यापर्यंत आणत होती. तीच मी काढून घेतली." मला हे पटायचं नाही. माणसाने काय जीव मुठीत धरूनच जगायचं? यावरून आम्ही कितीदा भांडलो... उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

शेवटी तिच्याच फुफ्फुसांनी दगा दिला. उपाय संपले होते. तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली तीच गोळी हातात घेऊन मी नुसती उभी राहिले. ताईनेच हात पुढे केला.

"दे गं. आता माझं काय पुढं ढकलायचं राहिलंय?"

परवा दवाखाना आवरायला गेले. जिना चढताना सवयीने तिच्याशी बोलत होते. वळणावर बोलणं तुटलं. दम काही लागला नव्हता. स्टुलावर बसले, पण शेजारी थांबणारं कुणी नव्हतं.