सत्त्याहत्तर ठिपके

उशाजवळच्या काचेच्या पेल्यातलं पाणी दीड तास हललेलं नाही. आतल्या बाजूने बारीक बुडबुडे धरले आहेत. तळाशी दाट, वर विरळ. गार पाणी खोलीच्या तापमानाला येताना त्यात विरघळलेली हवा अशी बाहेर पडते. मी उशीवर गाल टेकून, एक डोळा मिटून मोजते. तेविसापर्यंत येते. चोविसावा सुटतो, वर जातो, फुटतो. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

रविवारची दुपार आहे. बाहेरच्या खोलीत माझा नवरा, सुधीर, क्रिकेट लावून वालाच्या डाळिंब्या सोलतो आहे. पाच वाजेपर्यंत मला ऋजुताला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. तिच्या सिनेमाचं आवाजाचं काम उद्या संपतं. गेले सात आठवडे ती विचारते आहे, आणि गेले सात आठवडे मी कामात आहे. आज काम नाही, म्हणून मी झोपायला आले आहे.

"कितीपर्यंत आलीस?" कुणीतरी विचारतं.

"नऊ."

"चुकलीस. तीन पलीकडच्या बाजूला आहेत."

पलंगाच्या पायथ्याशी वैजयंता बसली आहे. वैजयंता चौगुले, एम.एस्सी.ला माझ्याच टेबलावर प्रयोग करणारी. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ती तेवीस वर्षांची आहे, वेणी पुढे घेतलेली, फक्त गळ्यात दोरीला अडकवलेला वाचायचा चष्मा आहे. तेविसाव्या वर्षी तिला चष्मा नव्हता. तिची चाळिशी, तिची पन्नाशी मी पाहिलेली नाही. ती सगळी वर्षं कालिंदीकडे आहेत.

"चष्मा कुणी घेतला?" मी विचारते.

"आल्याआल्या तेच? बस म्हण की आधी."

"बसलीच आहेस."

"मग जरा सरक. पाय लांब करतो."

ती कोल्हापूरकडची. तिथल्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतात. मी पाय आखडून घेते, तर पायाखाली गादी नाही, उतरता जिना आहे, आणि आम्ही सिनेमागृहात शेजारीशेजारी बसलो आहोत. खुर्च्यांवर आमच्याच घरातल्या चादरी आहेत. समोर ऋजुताचा सिनेमा चालू आहे, आवाजाशिवाय.

सिनेमा वैजयंताचा आहे. तिच्या वहीवरून केलेला. दोन मुली, त्यांचं एकमेकींवरचं प्रेम, ते 'बरं' करणारा एक डॉक्टर, आणि त्यानंतरचं तिचं आयुष्य. ती वही कालिंदीने ऋजुताला दिली. कालिंदी बेळगावात शिवणवर्ग चालवते. वैजयंता तिच्यासोबत एकवीस वर्षं राहिली. ऋजुताने मला सिनेमा पाहायला पाठवला तेव्हा मी घड्याळ लावून पाहिला. माझं काम करणारी मुलगी पडद्यावर अकरा मिनिटं चाळीस सेकंद आहे. कालिंदी बावन्न मिनिटं. ती बावन्न मिनिटं मी आवाज बंद करून पाहिली.

मला कालिंदीचा मत्सर वाटतो. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलेलं नाही, म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

"तुझं काम करणारी पोरगी उंच आहे," वैजयंता म्हणते. तिच्या ओंजळीत वालाच्या डाळिंब्या आहेत. ती त्या शेंगदाण्यांसारख्या खाते आहे.

"गोरीही आहे."

"आणि तिचं काम करणारी?" ती हनुवटीने पडद्याकडे दाखवते. पडद्यावर कालिंदी झालेली नटी वैजयंता झालेल्या नटीच्या केसांना तेल लावते आहे.

"जाड आहे," मी म्हणते.

वैजयंता एवढ्या मोठ्याने हसते की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघतात. त्यांना चेहरे आहेत, पण ते माझ्या ओळखीचे नाहीत. "खरी कालिंदी बारीक आहे गं. सुतळीसारखी. तू बघितलंयस तिला."

पाहिलं आहे. दोन हजार चार साली. मी पाण्याचे नमुने तपासण्याच्या कामाने बेळगावला गेले होते, आणि संध्याकाळी पत्ता विचारत तिच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले होते. वैजयंताला एकच गोष्ट सांगायची होती.

"आलीस आणि परत गेलीस," ती म्हणते.

"तू स्कूटरवर मागे बसली होतीस."

"मग?"

"माझ्या वेळी तू चालवायचीस. मी मागे बसायचे."

"एवढ्यासाठी?"

"तू तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली होतीस. भर रस्त्यात. माझ्यासोबत असताना तू कधी इतकी निवांत नव्हतीस."

"तेव्हा आपल्याला सगळेच बघत होते, हेमे. बेळगावात आम्हाला कुणी बघत नव्हतं."

मध्यंतर होतं. दिवे लागतात. आम्ही बाहेर येतो, तर खाण्याच्या काउंटरपुढे रांग आहे आणि प्रत्येकाच्या हातात पितळी बिल्ला. माझ्या बिल्ल्यावर चार आहे. काउंटरमागे पांढऱ्या कोटातला माणूस पाठमोरा उभा आहे. भिंतीला लागून लाकडी बाकं. ही डॉक्टरांची पुण्यातली खोली आहे. साल पंच्याण्णव. माझा वार सोमवार, तिचा गुरुवार. आमची गाठ पडू नये म्हणून. पण आज आम्ही दोघी एका बाकावर आहोत, आणि कुणी काही म्हणत नाही.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत आम्ही सापडलो होतो. माझे वडील आणि तिचा भाऊ दोघांनी मिळून हा डॉक्टर शोधला. मनगटात रबरबँड घालायचा, तसला विचार आला की ताणून सोडायचा. आणि रोज संध्याकाळी आलेखाच्या कागदावर एक ठिपका: विचाराची तीव्रता, शून्य ते दहा. अकरा आठवडे. सत्त्याहत्तर ठिपके.

"दादा आठवतोय?" वैजयंता कुजबुजते. "डॉक्टर म्हणाला, ही मुलगी स्वतःला पुरुष समजते, मी जातो म्हणते. दादा म्हणाला, डॉक्टरसाहेब, आमची आई पण मी जातोच म्हणते. तिला पण आणू काय पुढच्या गुरुवारी?"

मी हसते. हसताना मनगटावर रबरबँड बसतो. मी तो ताणलेला नाही.

"तू काय लिहायचीस?" मी विचारते.

"दहा. रोज दहा. डॉक्टर म्हणायचा, अहो, निदान एखादा दिवस तरी नऊ लिहा."

समोरच्या भिंतीवर माझा आलेख टांगलेला आहे. नवापासून सुरू होऊन एकावर उतरणारा. माझं नाव काळ्या पट्टीने झाकलं आहे. तो डॉक्टर आता ऐंशीचा आहे आणि पालकांच्या शिबिरात अजूनही हाच कागद पडद्यावर दाखवतो, असं ऋजुता सांगते. आईबाप तो पाहतात आणि मुलांना घेऊन येतात. म्हणून ऋजुताचा प्रश्न एकच आहे: हा आलेख खरा आहे का? आणि खोटा असेल तर हे तुम्ही स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या नावाने सांगाल का?

सुधीरशी माझं लग्न ठरताना त्याच्या घरच्यांना सांगितलं होतं की मुलीचं एक वर्ष टायफॉइडमध्ये गेलं. सत्तावीस वर्षं तो मला पावसाळ्यात उकळलेलं पाणी प्यायला लावतो. ऋजुताला न कळवण्याचं हे कारण मी स्वतःला देते. कारण चांगलं आहे. फक्त ते पुरेसं नाही. मला त्या सिनेमात जायचं नाही, कारण तिथे वैजयंता कालिंदीची आहे.

"चार नंबर," आतून हाक येते. मी उठते. दार उघडते तर आत खोली नाही, आमच्या होस्टेलची गच्ची आहे, आणि गच्चीच्या फरशीवर हिरव्या रेघांचे चौकोन आहेत. सगळी गच्ची आलेखाच्या कागदाची आहे. कठड्यावर वाळत घातलेले कपडे वाऱ्याशिवाय हलत आहेत. पायाखाली ठिपके, थाळीएवढे.

"चल," वैजयंता म्हणते. "नवावरून खाली जाऊ."

आम्ही उतरू लागतो. सपाट गच्चीवर उतार जाणवतो.

"त्याने मला ह्याची झेरॉक्स दिली," ती म्हणते. "म्हणाला, बघा तुमची मैत्रीण. अकरा आठवड्यांत बरी झाली. तुम्हीच हट्टी."

"मला परीक्षेला बसू देणार होते. कागद खाली गेला तरच."

"ते मला कोण सांगणार?"

तिच्या वहीतलं त्या दिवसाचं वाक्य सिनेमात आहे, आणि तिथे मी आवाज बंद केलेला नव्हता: हेमाचा आलेख पाहिला. ती बरी झाली. माझं काय?

"तुला कळायला हवं होतं," मी म्हणते. "एका टेबलावर दोन वर्षं काम केलं आपण. माझी खोटी आकडेवारी तुला ओळखता आली नाही?"

ती थांबते. आम्ही एका उंचवट्यावर उभ्या आहोत. तिसरा आठवडा, जिथे रेघ उतरता उतरता मध्येच वर चढते.

"हे बघ," ती पायाने ठिपका दाखवते. "हा चढ. आणि सातव्यातला तो. सरळ रेघ असती तर मी हसलो असतो. म्हटलो असतो, हेमीने पट्टी लावून काढलंय. पण ह्यात चढउतार होते, खऱ्या मोजमापात असतात तसे. म्हणून तर विश्वास बसला."

ते चढउतार मी मुद्दाम घातले होते. डॉक्टरांना खरं वाटावं म्हणून. खरी मोजमापं एका रेघेत उतरत नाहीत, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. डॉक्टर तर सरळ रेघेवरही खूश झाला असता. ज्या एका माणसाला फसवायचं नव्हतं, त्याच माणसाला माझ्या त्या काळजीने फसवलं.

"कालिंदीने ओळखलं," वैजयंता म्हणते.

"काय?"

"झेरॉक्स बघितली आणि म्हणाली, हे एका बैठकीतलं काम आहे. सगळ्या ठिपक्यांची शेपटी एकाच बाजूला. रोज एक घातला असता तर हात बदलला असता. माझ्या पोरींचे टाके मी ओळखते. तुझी हेमांगी खोटं बोलली, म्हणाली, आणि रडत बसू नकोस."

शेवटच्या दुपारी, जेवणानंतर, सत्त्याहत्तर ठिपके मी एकापाठोपाठ एक घातले होते. हे कुणालाही माहीत नाही. आणि स्वप्नातलं माणूस मला अजिबात माहीत नसलेलं काही सांगू शकत नाही. पण सिनेमातल्या त्या बावन्न मिनिटांत एक प्रसंग आहे: कालिंदी कागदावरून बोट फिरवते, आणि तिचे ओठ हलतात. मी आवाज बंद ठेवला होता, तरी ते ओठ मी वाचले असणार.

"तिची काय गरज होती?" माझा आवाज चढतो. "माझी बाजू घ्यायची तिला काय गरज होती?"

"जळतेस?"

"हो."

"अजून?"

"हो. तिने मला वाचलं आणि तू वाचू शकली नाहीस."

"मी नाहीच मानलं तिचं," वैजयंता म्हणते. "एकवीस वर्षं भांडलो तिच्याशी. ती म्हणायची खोटा, मी म्हणायचो खरा. असल्या गोष्टीवर घरात भांडण. तू गल्लीच्या तोंडापर्यंत आलीस, आणखी वीस पावलं आली असतीस तर मिटलं असतं."

तिचे केस पांढरे होत आहेत, मी बघत असतानाच. चेहरा मी न पाहिलेल्या वर्षांचा होतो. क्षणभर तो सिनेमातल्या नटीचा होतो, मग पुन्हा तिचा. तिने माझं मनगट धरलं आहे, रबरबँडच्या जरा वर. तिची नखं लांब आहेत.

"आता सांग," ती म्हणते.

"खोटा होता."

"मला नको. मी गेलो. ज्यांना अजून सोमवार-गुरुवार नेतात त्यांना सांग."

"कालिंदीच्या सिनेमात?"

"माझ्या सिनेमात, हेमे." ती पकड घट्ट करते. दुखतं. "माझ्या."

टीव्हीवर कुणीतरी बाद झालं आहे. त्या आरड्याने मी उठते. चार वाजून सोळा मिनिटं. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला चार खुणा आहेत, चंद्रकोरीच्या आकाराच्या, एका ओळीत. मी डाव्या हाताची नखं त्यांच्यावर धरून पाहते. माझी नखं बोटांच्या टोकांच्या मागे आहेत. प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत. खुणा लाल आहेत, दाबल्यावर पांढऱ्या होतात. दहा-पंधरा मिनिटांत जातील.

मी फोन घेऊन बाहेरच्या खोलीत येते. आत बसून बोलता आलं असतं. सुधीर मान वर करतो. "चहा टाकू?"

"थांब जरा. इथेच थांब. ऐक."

तो टीव्हीचा आवाज कमी करतो. ऋजुता दुसऱ्या घंटेला फोन उचलते.

"हेमांगीताई! मी तुमचीच वाट बघत होते. बोला ना."

माझा आवाज मला अपेक्षेपेक्षा स्थिर ऐकू येतो.

"तो आलेख खोटा आहे. सगळे ठिपके मी एका दुपारी बसून घातले. मला कुठलाही आजार नव्हता, त्यामुळे बरं होण्याचा प्रश्नच नव्हता. खरा आकडा रोज दहा होता."

सुधीरच्या हातातली डाळिंबी भांड्यात पडत नाही. तो ती तशीच धरून बसतो.

"हे तुमच्या आवाजात घेऊ?" ऋजुता हळूच विचारते. "नाव बदलून चालेल, ताई. तुम्ही म्हणाल तसं."

"नाव बदलू नका. हेमांगी आगाशे म्हणा, तेव्हा तेच होतं. उद्या सकाळी मी येते रेकॉर्डिंगला." मी श्वास घेते. सुधीरकडे पाहते, आणि त्याच्याकडे पाहतच पुढचं बोलते. "आणि एक. हे कालिंदीच्या आधी यायला हवं. तिच्या आधी मी होते."