बावीस सालचे पाहुणे

किस्से कुणी जमवायला जात नाही. दिवसभर लेण्यांत हिंडलं की बुटात खडे शिरतात, तसे ते आपोआप शिरतात. संध्याकाळी गारखेड्याला घरी येऊन मी बूट झटकले की बायको विचारते, "आज काय निघालं?" मग चहा होईपर्यंत मी सांगतो. इतकी वर्षं हेच चाललंय, आणि तिनं अजून एकदाही 'पुरे' म्हटलेलं नाही.

मी वेरूळ-अजिंठ्याचा गाइड, इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्यांचा. आमचं टोळकं चौघांचं. मगरकाका आमच्यात सगळ्यांत जुने. पैठण रोडला त्यांची मोसंबीची बाग आहे, पण जीव सगळा बीबी का मकबऱ्यात. संध्याताई जपानी पाहुण्यांच्या गाइड. आणि शकीलभाई गाइड नाहीत, पण त्यांचा टेम्पो ट्रॅव्हलर नसेल तर आम्ही तिघंही घरी! सकाळी क्रांती चौकातल्या टपरीवर भेटायचं, चहा प्यायचा आणि आपापल्या पाहुण्यांकडं पांगायचं.

कोरोनात आमच्याकडं कुणी म्हणजे कुणी फिरकलं नाही. लेण्यांत फक्त वटवाघळं राहिली होती आणि त्यांना गाइड लागत नाही. मग दोन हजार बावीस उजाडलं आणि लोक हळूहळू यायला लागले. त्या वर्षी जगात काय काय घडलं! बातमी आधी टीव्हीवर दिसायची आणि थोड्या दिवसांनी तीच बातमी शकीलभाईंच्या टेम्पोत येऊन बसायची.

*

त्या वर्षी श्रीलंकेत पेट्रोल-डिझेल संपलं. लोक पंपावर गाड्या लावून गाडीतच झोपत होते. अशात तिकडून एक यात्रेकरूंचा ग्रुप अजिंठ्याला आला. सगळे पांढऱ्या कपड्यांत, बहुतेक म्हाताऱ्या बायका. प्रवास आधीच ठरलेला होता म्हणून निघाले होते. त्यांच्यात एक रिटायर्ड शिक्षिका होत्या, त्या छान इंग्रजी बोलायच्या.

सिल्लोडच्या रस्त्यावर शकीलभाईंनी गाडी पंपावर घेतली आणि रोजच्यासारखं खिडकीतून सांगितलं, टाकी फुल कर. मी मागं वळून बघतो तर सगळ्या बायका खिडक्यांना चिकटलेल्या.

त्या शिक्षिकेनं मला हळूच विचारलं, मागेल तेवढं देतात का? मी म्हटलं, हो. मग रांग कुठे आहे, असं विचारलं. मी म्हटलं, रांग नाही. तिनं हे त्यांच्या भाषेत सगळ्यांना सांगितलं आणि अख्खी गाडी खाली उतरली. पंपाचे फोटो निघाले. एका आजींनी पंपावरच्या माणसाची परवानगी काढून नळीला हात लावून फोटो घेतला. टाकी भरून नळीचा खटका वाजला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शकीलभाई गाडी सुरू करायचं विसरले. म्हणाले, "इत्ते साल से गाडी चलारूं मियाँ, डिझेल भरने पे ताली पैली बार सुना."

संध्याकाळी निघताना मी त्या शिक्षिकेला विचारलं, काय आवडलं सगळ्यांत जास्त? तिनं थोडा विचार केला. म्हणाली, "महापरिनिर्वाणाची मूर्ती. आणि तो पंप."

*

सप्टेंबरात इंग्लंडची राणी गेली. दुसऱ्याच दिवशी मगरकाकांकडं एक म्हातारं गोरं जोडपं होतं, मकबरा बघायला. काका टपरीवर आले ते पांढरा सदरा घालून, कुणी गेलं की घरच्यांना भेटायला जातात तसे. मी म्हटलं, काका, मकबरा दाखवायचाय, सांत्वन नाही करायचं.

काका म्हणाले, "त्यांच्याकडचं माणूस गेलंय आन् ते आपल्या दारात आल्यात. दोन शब्द बोलू नये व्हय?"

मकबऱ्याच्या दारातच त्यांनी दोघांना थांबवलं, हात जोडले आणि आपल्याकडच्या रीतीनं एकेक विचारायला सुरुवात केली. वय किती होतं? शेवटी फार हाल नाही ना झाले? पोरं, नातवंडं वेळेवर पोचली का? त्या बिचाऱ्यांनी टीव्हीवर जेवढं पाहिलं होतं तेवढं सांगितलं. शहाण्णव वय ऐकल्यावर काका म्हणाले, मग सोनं झालं म्हणायचं. तिघं डोळे मिटून गप्प उभे राहिले. मागून एका शाळेची सहल येत होती, तीही का ते न कळताच गप्प उभी राहिली.

मग काकांनी मकबरा दाखवला. मुलानं आईच्या आठवणीत बांधलेली जागा आहे, हे सांगताना त्या दिवशी त्यांचा आवाज जास्तच हळू होता. निघताना त्या म्हाताऱ्या गृहस्थानं काकांचा हात धरला. म्हणाला, आम्ही आयर्लंडचे आहोत. राणीच्या घराण्याशी आमच्याकडच्यांचं कधी फारसं जमलं नाही. काल बातमी ऐकून मला काही विशेष वाटलं नव्हतं, पण आज तुमच्यामुळं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर काकांनी मला विचारलं, आयर्लंड वेगळं असतं का? मी सांगितलं, बरंच वेगळं. काकांनी चहाचा एक घोट घेतला.

"असू दे," ते म्हणाले. "शेजारचे तरी हायेत ना."

*

संध्याताईंचं दुःख वेगळं होतं. जपानी ही त्यांची रोजी, आणि कोरोनात ती बोलायला कुणी नाही. भाषा न बोलता राहिली की गंजते. नवरा वाळूजच्या कंपनीत, मुलगी पुण्याला. घरात दिवसभर एकट्या सासूबाई. मग ताई रोज दुपारी त्यांच्यापुढं उभ्या राहायच्या आणि अख्खा अजिंठा जपानीत सांगायच्या. सासूबाई मेथी निवडत ऐकायच्या. पहिल्यांदा नुसत्याच ऐकायच्या. पुढं पुढं ताईंचं एखादं वाक्य सुटलं की थांबवायला लागल्या!

त्या वर्षी ऑक्टोबरात जपाननं आपली दारं पुरती उघडली आणि मोरिता-सान आले. हे एक निवृत्त चित्रकार, अजिंठ्याचे वेडे. कोरोनाच्या आधी दर हिवाळ्यात यायचे. ताईंनी त्यांना घरी पोह्यांना बोलावलं.

सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. वाकून, स्वच्छ जपानीत म्हणाल्या, "पायरी सांभाळून या." मोरिता-सान थक्क! त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. आत आले, बसले. पोह्यांची बशी पुढं आली. त्यांनी हात पुढं केला तशा सासूबाई प्रेमानं म्हणाल्या, "कृपया हात लावू नका." त्यांनी हात मागं घेतला. मग आठवण म्हणून कॅमेरा काढला. सासूबाई म्हणाल्या, "फ्लॅश वापरू नका." कॅमेरा पिशवीत गेला.

ताई आतून चहा घेऊन येईपर्यंत सासूबाईंनी आणखी एक वाक्य आठवून आठवून म्हटलं होतं, "आपली बस आता सुटेल." मोरिता-सान उठले, वाकले आणि बूट घालून जिन्यातून खाली उतरले. ताई चहाचा ट्रे हातात घेऊनच त्यांच्यामागं पळाल्या.

त्यांना समजावून परत वर आणलं, तेव्हा सासूबाई ताईंना म्हणाल्या, "लई शिस्तीचा माणूस हाय गं. एका शब्दात ऐकतो."

*

नोव्हेंबरात जगाची लोकसंख्या आठशे कोटी झाली. ज्या दिवशी ती बातमी आली, त्याच दिवशी शकीलभाईंच्या मुलीला मुलगी झाली. शकीलभाई पेढे घेऊन टपरीवर आले आणि म्हणाले, आठशे कोटीवी हमारीच है. आम्ही म्हटलं, असेलही.

भानगड दवाखान्यात झाली. त्या दिवशी तिथं आणखी काही बाळंतपणं झाली होती आणि प्रत्येक बाळाच्या आजोबांनी तीच बातमी वाचली होती. आपलंच नातवंड आठशे कोटीवं, यावरून वॉर्डात वाद सुरू झाला. एक म्हणे आमचं पहाटे झालं, दुसरा म्हणे मोजणी आमच्या वेळेला संपली. आवाज चढले तशी सिस्टर बाहेर आली. तिनं सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं.

"झाले ना आठशे कोटी?" ती म्हणाली. "मग आता गर्दी कमी करा."

मुलीचं नाव झोया ठेवलंय. टपरीवर आम्ही तिला अजून 'कोटी'च म्हणतो.

*

डिसेंबरात फुटबॉलच्या वर्ल्ड कपची फायनल झाली. पेनल्टी किक मारून मारून शेवटी अर्जेंटिना जिंकलं आणि फ्रान्स हरलं. दुसऱ्या दिवशी वेरूळला माझ्याकडं एक फ्रेंच नवरा-बायको होते. बाईंचं ठीक होतं. साहेब मात्र सकाळपासून तोंड उघडायला तयार नव्हते. त्यात त्या दिवशी सहलीला आलेल्या पोरांपैकी निम्म्यांच्या अंगात अर्जेंटिनाचे निळे-पांढरे टीशर्ट!

मी आपलं ठरवलं, की आज फुटबॉलचा विषयच काढायचा नाही. कैलास लेण्यात नेलं, आणि रावण खालून कैलास पर्वत हलवतोय ते शिल्प दाखवलं. रंगात येऊन सांगितलं, बघा, एवढा वीस हातांचा रावण, एवढी त्याची ताकद, पर्वत गदागदा हलवला. आणि शंकरानं नुसता पायाचा अंगठा दाबला. एका पायानं सगळा निकाल लावला.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. दिवसभरात ते पहिल्यांदाच बोलले.

"आज पायांबद्दलच बोलायचं आहे का?"

*

आता हा राहिलेला किस्सा खरं तर त्या वर्षाच्या सुरुवातीचा. पण टपरीवर गप्पा निघाल्या की मगरकाका मला तो नेहमी शेवटी सांगायला लावतात.

युक्रेनवर रशियानं हल्ला केला त्याला थोडेच दिवस झाले होते. एका योगाश्रमातून परदेशी लोकांचा ग्रुप अजिंठ्याला निघाला होता. नावं वाचताना माझ्या लक्षात आलं, की त्यात ओलेना नावाची एक युक्रेनची बाई आहे आणि इरिना नावाची एक रशियाची. मी शकीलभाईंना सांगून ठेवलं. त्यांनी एकीला पुढं बसवलं, दुसरीला अगदी मागं. रस्ताभर दोघींनी एकमेकींकडं पाहिलंही नाही. मी मनात म्हणत होतो, आजचा दिवस निभावला म्हणजे झालं.

अजिंठ्यात मोबाइलला रेंज नीट मिळत नाही. पायऱ्या चढून वर आलं की एका वळणावर थोडी मिळते, पुढं गेली. ओलेना त्या वळणावर थांबली ती थांबलीच. तिची आई गावातल्या एका इमारतीच्या तळघरात होती आणि आदल्या दिवसापासून तिचा काही निरोप नव्हता. आत गेले आणि तेवढ्यात निरोप आला तर, म्हणून ती लेण्यांत यायला तयार नव्हती. मार्चचं ऊन. सावली कुठेच नाही.

मी बाकीच्यांना घेऊन पुढं गेलो. दोन-तीन लेणी झाली आणि लक्षात आलं, इरिना ग्रुपमध्ये नाही. बाकीच्यांना आत बसवून मी परत वळणावर आलो.

ओलेना फोन हातात धरून उभी होती. इरिना तिच्या शेजारी, तिच्या डोक्यावर छत्री धरून. छत्री लहान होती. इरिना स्वतः उन्हात होती.

मी इरिनाला हळू आवाजात म्हटलं, मी थांबतो इथं, छत्री मी धरतो, तुम्ही बघून या. एवढ्या लांबून आलात.

ती इंग्रजीत म्हणाली, "लेणी दोन हजार वर्षं थांबली आहेत. अजून थांबतील."

मी परत गेलो, ग्रुपला उरलेली लेणी दाखवली, प्रश्नांची उत्तरं दिली. काय दाखवलं ते मला आजही आठवत नाही. सगळ्यांना घेऊन परत वळणावर आलो तेव्हा त्या दोघी तशाच उभ्या होत्या. छत्री धरून धरून इरिनाचा हात भरून आला होता, म्हणून तिनं दुसऱ्या हातानं तो खालून धरला होता.

आणि तेव्हाच फोन वाजला. ओलेनानं वाचलं आणि ती मटकन पायरीवर बसली. तिनं फोन तसाच इरिनापुढं केला. इरिनानं वाचलं.

मी विचारलं, काय आलंय?

इरिना म्हणाली, "आई विचारतेय, जेवलीस का."

मग तिनं छत्री मिटली, आपल्या पिशवीतून आश्रमानं बरोबर दिलेला डबा काढला, उघडला आणि ओलेनाच्या मांडीवर ठेवला. लेणी बंद व्हायला अजून वेळ होता. मी इरिनाला म्हटलं, चला, निदान एक तरी लेणं पाहून घ्या, पळत जाऊन येऊ.

तिनं मान हलवली.

"आधी ही जेवेल," ती म्हणाली.